न दुखणारा पाय

बूट शिवणाऱ्याने माणसाशी नाही, त्याच्या पायाशी बोलावं, असं उस्ताद म्हणायचा. गल्लीत त्याला सगळे उस्तादच म्हणत. नवा बूट चढवायचा, गिऱ्हाइकाला चार पावलं चालवायचं आणि विचारायचं, "चावतो का?" पाय सांगेल ते खरं. या हिशेबात तो कधी फसला नव्हता.

बायकोला मधुमेह निघाला तेव्हा तिच्या तळपायांची रात्रंदिवस आग व्हायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देताना म्हणाल्या, "पाय जपा. अनवाणी चालू नका." मागे रांग लागली होती. दोघांनी माना डोलावल्या. कशापासून जपायचं, ते यांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी आग थांबली.

"अहो, गोळ्या लागू पडल्या," बायको खुशीत म्हणाली.

"मग रोज कशाला गिळतेस? एक दिवसाआड घे."

अनवाणी चालायचं नाही म्हणून त्याने तिला स्वतःच्या हाताने बूट शिवले. जाड तळाचे, टाचेला घट्ट.

"चावतो का?"

"छे! घातलाय हेसुद्धा कळत नाही."

"असं गिऱ्हाईक पाहिजे. दमडी देत नाही, पण कुरकुरही नाही."

"कुरकुरायला मला तोंड उघडू द्याल तेव्हा ना!"

घरातही ती ते बूट घालूनच वावरायची.

मग एका दुपारी घरात वास यायला लागला. उस्तादचं नाक कच्च्या चामड्याला सरावलेलं, पण हा वास वेगळा होता. त्याने तिचा डावा बूट काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. टाच झिजून आतला एक खिळा वर आला होता आणि कधीचा तिच्या मांसात शिरून बसला होता. अर्धं पाऊल काळं पडलं होतं.

"अगं बाई, हे कधी झालं?" ती म्हणाली. जणू शेजारणीचा पाय बघत होती.

मोठ्या दवाखान्यात सर्जन म्हणाले, "पाऊल आजच काढावं लागेल. विष वर चढतंय."

"दुखत असतं तर गोष्ट वेगळी," बायको म्हणाली. "ज्याला काही होतच नाही तो पाय कापायचा? मी नाही सही करायची."

उस्तादलाही तिचंच पटलं. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिला ताप भरला.

शेवटी वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरने त्याला बाकावर बसवलं. "काका, आग होत होती तेव्हा नसा ओरडत होत्या. आग थांबली ती नसा मेल्या म्हणून. पाय बरा नाही झाला, मुका झाला."

उस्तादने विचारलं, "हे आधी का नाही कुणी सांगितलं?"

"सांगितलं असेल काका."

"सांगितलं असेल. कळेल असं नाही सांगितलं."

तो उठून खाटेपाशी गेला. "डोळे मीट."

"या वयात?"

"मीट गं. पायाला हात लागला की सांग."

तिने डोळे मिटले. डाव्या पायाला पट्टी होती. त्याने उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं. बोटं दाबली, टाच दाबली, जोर लावून दाबली.

"लावा ना आता," ती म्हणाली. "किती वेळ लावताय!"

"उघड डोळे."

तिने त्याचे हात पाहिले.

"हा तर माझा चांगला पाय ना?"

त्याने ते पाऊल हळूच पांघरुणाखाली सरकवलं.

"बोलवा त्या मोठ्या डॉक्टरांना. करते सही," ती म्हणाली.

सर्जननी पांघरूण बाजूला करून गुडघ्याच्या वर दाबून पाहिलं. "आता नुसत्या पावलावर भागणार नाही," ते म्हणाले आणि तिला लगेच आत नेलं. दार लागेपर्यंत ती मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

ती जिवंत बाहेर आली नाही.

सर्जन येऊन उभे राहिले आणि काय काय झालं ते सांगू लागले. रक्त, दाब, किडनी, अवघड अवघड नावं. ते घड्याळाकडेही बघत होते. उस्तादने सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर सरकून त्याने त्यांच्यासाठी जागा केली.

"बसा डॉक्टर. पुन्हा सांगा, मला समजेल असं. आता मला कुठे जायचं नाही."