उजव्या कडेच्या खुणा

नव्या भिंतीवरून साच्याच्या सतरा पोलादी प्लेटा उतरल्या आणि एक लाकडी फळी. प्लेटांमागचं काँक्रीट गुळगुळीत होतं. फळीमागे मात्र वीतभर रुंद पट्टा लाकडाच्या रेषांसकट उमटला होता. पट्ट्याच्या उजव्या कडेला एकावर एक सहा आडवे उंचवटे होते. इंजिनिअर मुलीने प्रत्येकाची उंची गेज लावून मोजली. पाच मिलिमीटर.

"मिस्त्री, हे काय?"

"प्लेट कमी पडली, मॅडम. घरची फळी लावली."

"मागे चार प्लेटा पडल्यात. मला दिसतं अजून."

कामगार हसले. मिस्त्रीने फळी उचलली, तसा तिचा कोपरा भुगा होऊन त्याच्या मुठीत आला. वाळवी.

"या भिंतीला गिलावा नाही, उघडीच राहणार आहे," ती म्हणाली. "तीन मिलिमीटरच्या वर काही चालत नाही. ग्राइंडर मारून सपाट करा."

"गिलावा नाही म्हणूनच ही भिंत धरली," तो हळूच म्हणाला. "जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबा. बायको डबा घेऊन येतेय."

 इंजिनिअर मुलीने ग्राइंडरवाल्याला आधी एका खांबाकडे पाठवलं.

मिस्त्रीची बायको आली ती डबा हातात तसाच धरून भिंतीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"कुठायत?"

"उजवीकडे बघ. साच्यातून उलटं येतं. इतकी वर्षं सेंट्रिंगवाल्याच्या घरात काढलीस, एवढं कळू नये?"

"कपड्यांतलं सिमेंट झटकण्यातून सवड मिळाली असती तर कळलं असतं."

पण तिचं बोट खालच्या उंचवट्यावर पोचलं होतं.

"ही शाळेत घातला तेव्हाची. आणि ही... चवड्यांवर उभा राहिला होता लबाड. मी टाच धरून खाली टेकवली."

इंजिनिअर मुलीने गेज खिशात घातला.

"मुलगा कुठे असतो?"

"माझ्याशी भांडून गेला. हे काम नको म्हणाला," मिस्त्री म्हणाला. "कुठे आहे, ठाऊक नाही. ही दाराच्या फळीवर सुरीने खाचा करायची त्याच्या उंचीच्या. घर सोडताना फळी उचकटून आणली, तर इथे वाळवीने धरली. लाकडाची खाच काँक्रीटमध्ये उंचवटा होऊन येते. म्हटलं, निदान खुणा तरी राहतील."

सर्वांत वरची खूण बायकोच्या कपाळाशी होती. खुणेच्या वर नुसत्याच लाकडाच्या रेषा. तिने त्यांवरून तळवा वर वर सरकवला.

"आता इथवर असेल का हो?"

मिस्त्रीने तिचं मनगट धरून आणखी चार बोटं वर नेलं.

"माझ्या वळणावर गेलाय तो. इथवर."

"हट्टही तुमचाच उचलला."

तिने हात काढला नाही. ग्राइंडरवाला मशीन घेऊन परत आला.

"कुठून सुरू करू, मॅडम?"

"इथे मशीन नको," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "मिस्त्री, घासायचा दगड आणा. पाणीही."

मिस्त्री घासू लागला. बायको डब्याच्या झाकणातून पाणी सोडत राहिली. दर थोड्या वेळाने मुलगी गेज लावायची, मान हलवायची, मग म्हणायची, "बास. आता पुढची."

सहावी खूण झाल्यावर तिने ती ओढणीच्या टोकाने पुसून कोरडी केली आणि गेज टेकवला. दोन पूर्णांक नऊ मिलिमीटर.