माझ्या टाकीवरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. गाड्यांना काही आठवत नसतं असं वाटतं ना तुम्हाला? मग ऐकाच!

कारखान्यातून काळीकुळकुळीत चमकत मी हैदराबादला आले, ती कुकटपल्लीच्या प्रशांतकडे. काय मिरवायचा मला! माझ्या आवाजावरून अख्खी गल्ली ओळखायची, प्रशांत आला. एकदा धाकट्या बहिणीला, त्रिवेणीला, कॉलेजातून आणताना वळणावर सांडलेल्या वाळूवरून मी घसरले. त्रिवेणीला नुसतं खरचटलं. प्रशांत उठलाच नाही. त्याच्या गुडघ्याच्या दणक्यानं माझ्या टाकीला वाटीएवढा पोचा पडला.

मग अंगावर ताडपत्री. सीट उंदरांनी कुरतडली. वडील किशनराव तोंड फिरवून शेजारून जायचे.

पुढं त्रिवेणीचं लग्न नारायणगुड्याच्या अभिजीतशी झालं. आणि नशीब बघा, नवऱ्याला छंद कसला, तर जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून रविवारी अनंतगिरीच्या घाटात न्यायच्या! त्यानं ताडपत्री उचलली नि शीळच घातली.

"घेऊन जा जावईबापू," किशनराव म्हणाले. "माझ्यानं बघवत नाही."

माझा आवाज आला, की त्रिवेणी स्वयंपाकघराचं दार लावून देवापुढं बसायची. सासूबाई इंदुताई चिडवायच्या, "नवरा घाटात नि बायको देवासमोर! अगं, गाडी काय खाते का तुला?"

पण एक गुपित मलाच ठाऊक होतं. दुपारी घर सामसूम झालं, की ती माझ्याकडे यायची. आधी जिन्यातूनच बघून पळाली. मग एक बोट लावलं. शेवटी अख्खा तळवा त्या पोच्यात ठेवून, डोळे मिटून उभी राहू लागली. "दादा, या दसऱ्याला बसते यांच्या मागं," म्हणायची. तेव्हा तिच्या तळव्याखाली मला गुडघा जाणवायचा. ऊनऊन.

आमच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला पूजा झाल्यावर गाडी लिंबांवरून जाते, तेव्हा मागं घरची सून बसते. दर वर्षी सुनेऐवजी इंदुताईच पदर खोचून बसायच्या.

यंदा आदल्या दिवशी अभिजीतनं मला गॅरेजात नेलं. बायको त्या पोच्यालाच भिते, असं त्याला वाटलं. ठोकून ठोकून टाकी सपाट केली, वर नवा काळा रंग. मी ओरडणार कशी?

सकाळी त्रिवेणी हळदकुंकू घेऊन आली. हात सवयीनं टाकीवर गेला आणि चाचपतच राहिला.

"पोचा कुठंय?"

"काढला!" अभिजीत खुशीत म्हणाला. "आता भ्यायचं नाही."

"कुणाला विचारून?" ताट खणकन खाली पडलं. "तिथं दादाचा गुडघा होता! त्याच्याच भरवशावर बसणार होते मी आज."

अभिजीतचं तोंड एवढंसं झालं. "तू कधी बोललीच नाहीस गं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

इंदुताई पुढं झाल्या. "राहू दे पोरी. मीच बसते."

"नक्को." त्रिवेणीनं डोळे पुसले, हेल्मेट चढवलं. "लिंबं ठेवा, आई."

ती बसली. थरथर तिची की माझी, काय की! अभिजीतनं मला इतकं हळू सोडलं, की लिंबं फुटायलाही वेळ लागला. सुलतान बाजारच्या वळणावर तिनं त्याचा खांदा आवळला. तो थांबला.

"उतरतेस?"

"नाही. चला."

आणि मित्रांनो, तेव्हाच माझ्या मागच्या स्प्रिंगा आणखी दबल्या. माझ्यावर दोघंच होते. त्रिवेणी मात्र किंचित पुढं सरकली, मागं कुणाला जागा करून द्यावी तशी.

म्हणून विनवते, आम्हा जुन्यांना जरूर जपा. तेल घाला, पुसा, रंगवासुद्धा! पण आमच्या अंगावरची एखादी खूण मिटवण्याआधी घरात विचारा, तिथं कोण राहतं.