तिसरा टप्पा

साहेबांनी चिमटीत धरून हँडल फिरवलं. शिडीचा दुसरा टप्पा पहिल्यातून सरसर वर निघाला आणि त्याबरोबर साहेबांच्या भुवयाही वर गेल्या. मग तिसरा टप्पा निघाला, चार पायऱ्या बाहेर आला आणि थांबला. साहेबांनी हँडल थोडं दाबून पाहिलं.

"जोर नका लावू," फोरमन म्हणाले. "ती तिथंच थांबते."

"अडकली का?"

"अडकली नाही. अडकवलीय."

साहेब हसले. म्हाताऱ्या माणसांची चेष्टा समजली नाही तरी हसावं, एवढं त्यांना कळत होतं. फोरमनना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी साहेब आता ज्याचे प्रमुख होते त्या अग्निशमन केंद्रात त्यांना अजून सगळे फोरमनच म्हणत, आणि घरी बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणे.

गाडी टेबलावर उभी होती. केंद्राची पहिली आगीची गाडी, चोवीस पट लहान, बुटाच्या खोक्यात मावेल एवढी. बाजारातून आणलेलं किट साध्या ट्रकचं होतं. त्यातली चेसिस, चाकं आणि केबिन तेवढी कामाला आली, बाकी सगळी फोरमनच्या हातची करामत. पाण्याचा पाइप म्हणजे बुटाची जुनी नाडी, त्याचं तोंड म्हणजे बॉलपेनच्या रिफिलचं टोक. शिडी पितळी पट्ट्यांची, पायऱ्या एकोणचाळीस, एकेक करून डाग दिलेल्या. लाल रंग सात वेळा कालवला होता, कारण खऱ्या गाडीच्या दारावर ड्रायव्हर कोपर टेकायचा तिथला रंग विटलेला होता आणि तो विटकेपणा काही केल्या जमत नव्हता. कपाटात अशा चौदा गाड्या होत्या: जीप, दुधाची गाडी, रोड रोलर. लोक त्यांना खेळणी म्हणत. फोरमन म्हणू देत. ही पंधरावी मात्र त्यांनी दीड वर्ष कुणाला दाखवली नव्हती.

"काका, खरंच कमाल आहे," साहेब म्हणाले. "नव्या इमारतीत शिरलं की समोरच काचेची पेटी केलीय. उद्या उद्घाटनाला सगळे आधी हीच बघतील. फक्त शिडी पूर्ण उभी हवी. अर्धवट शिडी बरी नाही दिसत."

"त्या दिवशी ती अर्धवटच होती."

"कुठल्या दिवशी?" साहेबांनी विचारलं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. केंद्रात आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच आठवड्यात कुणी ना कुणी सांगत असे.

अकरा वर्षांपूर्वी कागदाचं गोदाम पेटलं होतं. वरच्या खिडकीत रखवालदार अडकला होता. शिडी त्याच्यापर्यंत पोचली नाही, आणि तो गेला. शिडीवर जो माणूस होता त्याला सगळे शिडीवाला म्हणत. तो भ्याला, त्याने शिडी पुरती चढवलीच नाही, असा ठपका ठेवून त्याला नोकरीवरून काढून टाकलं. फोरमन आणि शिडीवाला एकाच दिवशी नोकरीला लागले होते.

"काका, त्याची रीतसर चौकशी झालीय," साहेब म्हणाले. "समितीसमोर शिडी उभी केली, ती सरळ वर गेली. अहवाल आहे."

"समिती येण्याच्या आधी तिसऱ्या टप्प्याची पिन बदलली होती. जुनी वाकली होती, तिच्यातच शिडी अडकली."

"कुणी बदलली?"

"मी."

दारात फोरमनची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कप एकमेकांवर वाजले. तिने ट्रे हळूच स्टुलावर ठेवला आणि ती आत गेली नाही.

साहेबांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. उद्या पाहुणे यायचे होते आणि त्याला सगळं सुरळीत पार पाडायचं होतं.

"हे आता उकरून कुणाचं भलं होणार? मी फाइल वाचलीय, काका. महिन्याच्या तपासणीच्या कार्डावर कुणाची सही आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. शिडी अडकली होती म्हटलं की पहिलं बोट तुमच्याकडेच येणार. कशाला ओढवून घेता?"

फोरमननी खणातून भिंग काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"केबिनमध्ये बघा. सीटच्या मागे, डाव्या अंगाला."

साहेब वाकले. सीटच्या मागे नखाएवढं कार्ड लटकत होतं. त्यावर लिहिलं होतं: शिडी पूर्ण उंचीवर तपासली. ठीक. खाली सही. सही वाचता येत होती.

"तीन दिवस लागले," फोरमन म्हणाले. "ब्रशचा एकच केस ठेवला होता. आधीच्या दोन सह्या वाचता येत नव्हत्या, म्हणून खरवडून काढल्या."

साहेब सरळ झाले.

"आपल्या शेडचं छप्पर किती उंच होतं हे तुम्ही पाहिलेलं नाही. शिडी तिथं अर्ध्याच्या वर जायची नाही. तपासायची तर गाडी बाहेर काढायला लागायची. दर महिन्याला कोण काढतो? अर्धी वर घ्यायची, खाली आणायची आणि लिहायचं, पूर्ण उंचीवर. हे त्या कार्डावर नाही मावलं, म्हणून तोंडाने सांगतोय."

"मी ही गाडी अशी ठेवू शकत नाही."

"मग नका ठेवू."

"पेटी रिकामी राहील, काका."

"राहू दे. पण शिडी सरळ होणार नाही, तुम्ही सांगा नाहीतर तुमचे पाहुणे सांगू देत. आणि एक ऐका. उद्या गाडी घेऊन मी येणारच आहे. परत पाठवायची असेल तर दारातून पाठवा. सगळ्यांच्या देखत पाठवा."

साहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं, घड्याळात पाहिलं आणि चहाला हात न लावता काढता पाय घेतला. जिन्यावर त्यांच्या बुटांचा आवाज विरेपर्यंत फोरमन ताठ उभे होते. कित्येक वर्षांत इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी आपल्याच गाडीकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"झालं?" बायको म्हणाली.

ते वळले. ती स्टुलाशेजारी तशीच उभी होती.

"अकरा वर्षं मी शिडीवाल्या भावोजींच्या घरात पाय ठेवला नाही. ती बाजारात समोर दिसली तर मी रस्ता बदलायची. भित्र्याची बायको म्हणून! लग्नापासूनची मैत्रीण माझी. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवत होतात, मूग गिळून."

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? हो."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतंच, राग होता.

"उद्या साऱ्या जगाला दाखवणार. आणि भावोजींना कधी?"

फोरमननी ब्रश उचलला, त्याचे केस बोटावर फिरवून पाहिले आणि परत ठेवला. शिडीवाला कधीतरी त्या इमारतीत जाईल, काचेत बघेल, आणि आपण तेव्हा तिथे नसू, असंच काहीसं त्यांनी मनाशी धरलं होतं. साहेबांपुढे ताठ राहायला दीड वर्षाची तयारी होती. या प्रश्नाची काहीच तयारी नव्हती, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"खोकं कुठाय?" बायकोने विचारलं.

ती पुढे आणि ते मागे, असे दोघं निघाले. वाट चार गल्ल्यांची होती. दुपारच्या उन्हात रस्ता मोकळा होता, तरी फोरमन खोकं छातीशी धरून, खड्डा चुकवत, पाऊल मोजून टाकत होते. नोकरी गेल्यावर शिडीवाला इमारती रंगवायला लागला होता. एकदा पाचव्या मजल्याच्या परांचीवर, एका हाताने दोर धरून तो खिडकीची चौकट रंगवताना फोरमनना दिसला होता. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून वाट बदलली होती. समोर भित्र्याची बायको दिसते म्हणून बायको रस्ता बदलत होती. ते का बदलत होते, हे त्यांनाच ठाऊक होतं.

दार शिडीवाल्यानेच उघडलं. नखांत पांढरा रंग, चष्मा कपाळावर. त्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग खोक्याकडे. या म्हणाला नाही.

फोरमननी सगळं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत.

"शिडी अडकली होती. कार्डावर सही माझी होती, न बघता केलेली. आणि समितीच्या आधी पिन मी बदलली."

"सहीचं माहीत होतं," शिडीवाला म्हणाला. "ती मला वाचता येते. पिनेचं नव्हतं माहीत."

आतून त्याची बायको आली. दोघी बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

"हे काय आहे?" शेवटी त्याने विचारलं.

फोरमननी झाकण काढलं आणि खोकं पुढे केलं. शिडीवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. गाडी दोन्ही हातांनी उचलून त्याने आत नेली, खिडकीखालच्या टेबलावर ठेवली. बाकीचे त्याच्या मागे आत गेले, तेव्हा कुठे आपण घरात आलो हे फोरमनच्या लक्षात आलं. शिडीवाल्याने दारावरच्या विटक्या रंगावरून बोट फिरवलं. भिंगाशिवायच केबिनमधलं कार्ड शोधलं. मग हँडल धरलं. साहेबांसारखं चिमटीत नाही, तर पूर्वी खऱ्या गाडीवर धरायचा तसं, अंगठा बाहेर ठेवून.

दुसरा टप्पा वर गेला. तिसरा बाहेर यायला लागला. एक पायरी, दोन, तीन, चार. शिडी थांबली.

"चूक आहे," तो म्हणाला.

फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यातही झोंबल्या.

"चूक कशी असेल? पिनेवर घासल्याची खूण होती, त्यावरून मी मोजलंय. तीन वेळा मोजलंय. एका पायरीचा फरक निघेल असं काम माझं नसतं, तुला माहितीय."

"चार नव्हत्या. दोन होत्या."

"अरे, पण खूण..."

"तू शेडमध्ये होतास. मी शिडीवर होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "दोनच पायऱ्या बाहेर आल्या. रखवालदाराचा हात असा खाली आला होता. माझा असा वर होता." त्याने हात वर करून दाखवला. बोटं ताणलेली होती. "चार आल्या असत्या तर माझा हात पोचला असता. चारवर जो माणूस त्याला ओढून घेत नाही, तो भित्राच."

फोरमन शिडीकडे बघत होते. दीड वर्ष, एकोणचाळीस डाग, तीन दिवसांची सही, आणि गाडी अजून तेच सांगत होती जे अहवाल सांगत होता: शिडीवाला भ्याला. साहेबांनी ती आहे तशी काचेत ठेवली असती तरी.

ते खाली फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"पक्कड आहे?"

शिडीवाल्याने रंगाच्या डब्यांमागून पक्कड काढली, पातळ पात्याची सुरीही काढली. फोरमननी गाडी मांडीवर घेतली, शिडी अडवणारा खाचेतला पितळी मणी सुरीच्या टोकाने सैल केला. पहिल्यांदा हात घसरला आणि शिडीच्या कडेवर ओरखडा उठला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"इथं?"

"आणखी खाली. थोडं. हं, तिथं."

मणी बसवला. शिडीवाल्याने वाकून हँडल फिरवलं. एक पायरी, दोन. थांबली. त्याने पुन्हा खाली आणून पुन्हा फिरवलं. एक, दोन. मग तो आत गेला आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात घडी घातलेला पांढरा शर्ट होता.

"उद्घाटन किती वाजता आहे?" त्याने बायकोला इस्त्री लावायची खूण करत विचारलं.