पोटभर

"हे काय, चिमणीला दाणे टाकताय का?" वाटीतलं चार चमचे दूध पाहून मोठ्या सिस्टर फणकारल्या.

आहारतज्ज्ञ मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची. ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, आजोबा कित्येक दिवस उपाशी आहेत. थोडं थोडंच द्यायचं. रक्त तपासायचं, मग वाढवायचं."

"बरं बाई," सिस्टर वरवर म्हणाल्या. चार बुकं शिकल्या की माणसाची भूक दिसेनाशी होते यांना!

आजोबा शिंपी होते. बायको गेली तशी त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि अन्नच सोडलं. शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना दवाखान्यात आणलं तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. अशा माणसाला मोजून चार चमचे? सिस्टरांचा जीव तीळतीळ तुटला. त्यांच्या वॉर्डात आजवर कुणी उपाशीपोटी झोपलं नव्हतं. सलाइन कुणीही लावेल, पण रुसलेल्या पेशंटला भरवावं ते मोठ्या सिस्टरांनीच, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे.

मुलीची पाठ वळली आणि यांनी पेलाभर दुधात साखर घालून पाव कुस्करला. आजोबांनी मान फिरवली.

"माझ्यावर कसला राग? एक घास, माझ्यासाठी."

एक घास गेला. मग आजोबांनी आपणहून तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी मऊ भात, केळी, पुन्हा दूध. संध्याकाळी आजोबा चक्क हसले. "पार उसवलो होतो बघा. तुम्ही टाके घातलेत." सिस्टरांना आभाळ ठेंगणं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्यूटीवर आल्या तर आजोबांच्या कॉटभोवती पडदा. पाय सुजून टम्म, आणि डॉक्टर घामाघूम होऊन त्यांची छाती दाबत होते. थोड्या वेळाने ते थांबले.

"काय दिलं होतं यांना?"

"जेवण," सिस्टर म्हणाल्या. "जेवणच दिलं."

आहारतज्ज्ञ मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "किती?"

"पोटभर."

मुलगी स्टुलावर बसली. "उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं ना, की रक्तातले क्षार भराभरा कमी होतात, सिस्टर. हृदय बंद पडतं. म्हणून तर थोडं थोडं म्हटलं होतं हो."

सिस्टरांना ऐकू येत होतं, कळत नव्हतं. भाताने? दुधाने? अहो, जेवणाने कुठे माणूस मरतो? त्यांनी आधाराला कॉटची दांडी धरली.

तेवढ्यात परगावाहून आजोबांची लेक पोचली. बापाला पाहून रडली, आणि वळून तिने सिस्टरांचे हात घट्ट धरले.

"तुम्हीच ना त्या? काल बाबा फोनवर म्हणाले, एक सिस्टर अगदी तुझ्या आईसारखं भरवतात. निदान उपाशी नाही गेले हो माझे बाबा. तुमचे उपकार कसे फेडू?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. आहारतज्ज्ञ मुलगी कॉटचा पडदा सारखा करू लागली. गप्प राहिलं असतं तर खपून गेलं असतं.

सिस्टरांनी लेकीला बाकावर बसवलं.

"बाळा, उपकार नको म्हणूस. एवढं भरवायचं नव्हतं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यानेच ते गेले."

लेकीला आधी काही उमगेना. मग तिने हळूच आपले हात सोडवून घेतले.