पाहुण्याचं ताट

इंदिरानगरातल्या कुसाबाईंचा नेम होता: दुपारी एका परक्या माणसाला जेवू घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. त्या ताटाला महिन्याला हजार रुपये लागत.

यजमान रावजी निवृत्त झाले, तेव्हा दहा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले आणि दोन लाखांचे शेअर कुसाबाईंच्या नावावर घेतले. "व्याज ठरलेलं, ते संसाराचं," त्या म्हणाल्या होत्या. "लाभांश देवाच्या मर्जीचा, म्हणून त्यातून देवाचं ताट." दोन वर्षं बारा-बारा हजार आलेही.

मग दोन हजार वीसचा, टाळेबंदीचा एप्रिल आला. बाजार कोसळून दोन लाखांचं लाख झालं. वर कंपनीनं कळवलं, यंदा लाभांश नाही.

"घ्या, फिरली मर्जी!" रावजी म्हणाले. "विकून टाक. उरलेलं लाख पोस्टात ठेवू. वर्षाला सात हजार चारशे कुठे जात नाहीत."

"त्यात ताट सात महिने चालेल. पुढे काय, देवाला म्हणू उपाशी राहा?"

कुसाबाईंना त्या दिवशी जप करतानाही माळेचे मणी सापडेनात.

दुपारी निफाडहून भावाचा, बहिरूचा व्हिडिओ कॉल आला. तो द्राक्षबागेत उभा होता. मजूर मिळेना, म्हणून घरचेच छाटणीला लागलेले. मांडवाखाली नुसती खोडं आणि उघडे ओलांडे, वेलीचे आडवे हात. ही छाटणी कुसाबाईंनी परकरात असल्यापासून पाहिलेली. पण आज अंगावर काटा आला. एवढं सगळं कापायचं, आणि वेल जिवंत आहे यावर विश्वास ठेवायचा!

"घड कधी रे?"

"ताई, माहेर विसरलीस का? आत्ता वेल काडी धरणार, नवी फांदी. घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर."

"आणि नाहीच धरली काडी तर?"

"जळती बी एखादी. म्हणून तर खायची बाजरी वेगळी पेरतो. द्राक्षाच्या भरवशावर चूल नाय पेटवत कुणी."

कुसाबाई देवापुढे जाऊन बसल्या. निरांजनाची ज्योत स्थिर होती. देवाचं म्हणून रोजचं ताटच आपण वेलीला टांगलं होतं!

"शेअर म्हणजे बहिरूची वेल, विकायचे नाहीत," त्या बाहेर येऊन हळूच म्हणाल्या. "आणि ताट आजपासून पोस्टाच्या व्याजातून. महिन्याचे हजार माझ्या रात्रीच्या जेवणातून वाचवीन."

"तू रात्री खातेस काय, दूध आणि दोन खजूर! त्यात हजार वाचतात होय?" रावजी उठले. "माझं पान-तंबाखू बंद. आणि वेल जळाली तर?"

"जळाली तरी ताट राहील."

पुढच्या वर्षी ऑगस्टात रावजींच्या मोबाइलवर संदेश आला. लाभांश, चार हजार. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"कुसा, काडी धरली गं!"

कुसाबाईंनी जागच्या जागी हात जोडले. बाहेर जेवायला आलेले इमारतीचे वॉचमन झुंबर हात धुऊन थांबले होते. त्या दिवशी त्यांच्या पानात पुरणपोळी पडली. शेजारचा वरण-भात मात्र पोस्टाच्याच पैशांचा होता.