नाना दारावर येतात

जीवराम नानांनी चपला पायरीखाली काढल्या, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि कोणाला राम राम न घालता ते प्रेमराजच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले.

प्रेमराज ओट्यावर उमेदवारी अर्जाचे कागद लावत होता. उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि सरपंचपदासाठी तो नानांच्याच विरोधात उभा राहणार होता. म्हातारा समजूत घालायला आला असं वाटून त्याने कागद मांडीखाली सरकवले. मग त्याची नजर टॉवेलवर गेली. असा डोक्यावर टॉवेल घेऊन माणूस मुकाट्याने येतो तो फक्त दारावर बसायला, म्हणजे ज्या घरात कोणी गेलं त्या घरी. इथे तर सगळे धडधाकट होते. आई इंदिराबाई आत शेंगा फोडत बसली होती.

बसल्यावर जरा वेळ जाऊ द्यायचा, मग विचारायचं, अशी रीत. नानांनी वेळ जाऊ दिला.

"कसं व्हयनं बन्सीनं?"

बन्सी म्हणजे बन्सीलाल, प्रेमराजचा बाप. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

नाना तीस वर्षं सरपंच होते. त्यातली दहा वर्षं खुर्ची बायकांसाठी राखीव होती, तेव्हा सह्या त्यांची बायको भिकुबाई करायची. पण तिला कोणी सरपंच म्हणून हाक मारली असती तर तिनेच मागे वळून पाहिलं असतं, कोणाला बोलावतात म्हणून. गावातले नळ, सिमेंटचे रस्ते, शाळेच्या चार खोल्या, स्मशानातली शेड, सगळं नानांच्या काळातलं. विरोधकसुद्धा त्यांच्याच नळाचं पाणी पिऊन त्यांना शिव्या घालायचे, आणि त्यात बन्सीलालचा पहिला नंबर. तीनदा तो नानांसमोर उभा राहिला, तीनदा पडला, शेवटी नऊ मतांनी. मग कोर्टात गेला. याची पायरी पुन्हा चढणार नाही, असं नाना चारचौघांत बोलून बसले.

आणि बन्सीलाल गेला तेव्हा खरोखरच आले नाहीत. सगळं गाव येऊन बसून गेलं, पारोळ्याचे व्यापारी आले, एक नाना सोडून. या मुलखात लग्नाला गेलं नाही तरी चालून जातं, पण वैऱ्याच्याही दारावर जावं लागतं. प्रेमराज तेव्हा तेवीस वर्षांचा होता. खांदेकऱ्यांत, मग दहाव्याला, मग तेराव्याला त्याने नानांची वाट पाहिली होती. आज तो उभा राहत होता त्याला विकास वगैरे कारणं होतीच, ती पत्रकात छापायची होती. खरं कारण हे होतं.

नानांचं हल्ली काही खरं नाही, अशी गावात कुजबुज होती. एकाच दाखल्यावर त्यांनी तीनदा सही केली, झालेला ठराव पुन्हा मांडला. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, उघड कोणी बोलत नव्हतं. प्रेमराजचं पॅनेल सांभाळणारा त्याचा दोस्त हितेंद्र रोज म्हणायचा, की डोळ्यांनी पाहिलेला एक प्रकार हाती लागू दे, मग म्हातारा घरी बसलाच समज. तो प्रकार आता आपल्या पायांनी चालत आला होता.

प्रेमराजने खिशातून मोबाइल काढला. कॅमेरा उघडून तो गुडघ्याशी धरलाही. अकरा वर्षांचा राग होता.

तेवढ्यात आवाज ऐकून इंदिराबाई दारात आली. तिने नानांकडे पाहिलं, त्यांच्या डोक्यावरच्या टॉवेलकडे पाहिलं आणि मग मुलाच्या हातातल्या मोबाइलकडे. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि चौकटीला टेकून ती खाली बसली.

"सांग ना भाऊ," ती मुलाला म्हणाली. "नाना इचारी ऱ्हायनात."

प्रेमराजने मोबाइल पालथा ठेवला. कुठून सुरुवात करावी हे त्याला कळेना. त्या वेळी जे आले त्यांना काकाने सांगितलं होतं. प्रेमराजला कोणी विचारलंच नव्हतं. मग त्याने सांगितलं. कापूस घेऊन बापलेक पाचोऱ्याला गेले होते. तिथे वजनकाट्यावरच बापाच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घातलं, तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी जायची होती. बापाने त्याचा हात घट्ट धरला होता. फाटक उघडलं तेव्हा तो हात सैल पडला होता. सांगता सांगता प्रेमराजला रडू आलं. नानांसमोर रडल्याची त्याला लाज वाटली आणि तरी ते थांबेना.

नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी मालगाडीच होती का, असं त्यांनी विचारलं. जरा वेळाने पुन्हा तेच विचारलं. दोन्ही वेळा प्रेमराजने हो म्हटलं.

"खमक्या व्हता बन्सी," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर काळजीत पडला होता. "आते निवडणूकमा मना समोर कोन उभा ऱ्हाई?"

इंदिराबाईने मान खाली घातली. प्रेमराजने बाहीने डोळे पुसले.

"मी ऱ्हासू, नाना."

नानांनी त्याला नीट न्याहाळलं.

"तू त्याना पोऱ्या ना? मंग ऱ्हाय. बिनविरोध व्हयनं का गाव झोपी जास."

एवढं बोलून ते उठले. दारावरून निघताना येतो म्हणत नाहीत. ते त्यांच्या लक्षात होतं. प्रेमराजने पायरीखालच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या आणि त्यांना हाताला धरून गल्लीपर्यंत सोडलं.

हितेंद्र झेरॉक्स काढून पारोळ्याहून येत होता. वळणावर नाना त्याच्या मोटरसायकलीजवळून गेले, अजून डोक्यावर टॉवेल तसाच. गाडी उभी करून तो ओट्यावर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"नाना कसाले येल व्हतात?"

"दारवर बसाले."

"कोन गयं?"

"मना बाप."

हितेंद्र आधी गोंधळला, मग हसला. त्याने प्रेमराजच्या पाठीवर थाप मारली. आता प्रचाराची गरजच नाही, म्हणाला. हे एवढं गावात सांगितलं की पुरे. मेलेला माणूस अकरा वर्षांनी आठवला, असा सरपंच कोणाला पाहिजे? उद्या अर्ज भरून येतानाच सुरुवात करू.

"अर्ज भरसूत," प्रेमराज म्हणाला. "हाई बोलानं नही."

"काब्र? तुन्या डोयासमोर व्हयनं ना?"

आत जाऊन इंदिराबाई पुन्हा शेंगा फोडायला बसली होती, तो आवाज थांबला होता. प्रेमराज गल्लीच्या टोकाकडे पाहत होता.

"तवय नाना येल नव्हतात," तो म्हणाला. "आज येल व्हतात."