निळी गाणी

गणू एसटीतून उतरून वाडीत शिरला, तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. खांद्यावर रुळणारे त्याचे केस पार गेले होते. आबांनी घातलेल्या शिव्या, मी केलेले टोमणे, कशाकशाला ज्या केसांनी दाद दिली नव्हती, ते केस साफ! पोलीसभरतीला निघालेल्या पोरासारखा तो ओटीसमोर उभा राहिला.

“अरे मेल्या, टायफॉइड झाला होता की काय तुला?” मी तांदूळ निवडता निवडता ओरडले.

गणूने हातातलं सामान खाली ठेवलं. पाणीही मागितलं नाही.

“ताई, मला फसवलं गो,” तो म्हणाला.

मला वाटलं, झालं! मुंबईची कोणी तरी पोरगी. “कोण ती? नाव सांग आधी.”

“ती नाय. ते. गोरे.”

गणू माझा धाकटा भाऊ. मुंबईत फोर्टातल्या एका हॉटेलात वेटर होता. तिथे परदेशी पाहुणे उतरायचे. त्यांच्यापायी त्याला ते रॉक की काय त्याचं वेड लागलं होतं. सुटीवर आला की सेलवर चालणारा, सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड-प्लेअर घेऊन यायचा आणि आपली लाडकी रेकॉर्ड लावायचा. कव्हरवर चार केसाळ गोरे. गाणं सुरू झालं की दासगावच्या आमच्या बौद्धवाडीतली कुत्री उठून नदीकडे जायची. आमचे वडील, आबा, तेही छत्री उचलून त्याच दिशेने जायचे. बायका मात्र दारात येऊन विचारायच्या, “गो मंजुळा, हे गातात काय मारामारी करतात?”

आणि हा पोरगा डोळे मिटून मान हलवत बसायचा. त्या चौघांसाठी केस वाढवले, पँटी शिवल्या, आबांशी भांडला. देव मानत नव्हतो आम्ही, पण गणूने चार आणून ठेवले होते.

“ऐक,” म्हणून त्याने आधी ती जुनी रेकॉर्ड लावली. तोच धिंगाणा. मग पिशवीतून दुसरी काढली. कव्हरवर खुर्चीवर बसलेला एक काळा म्हातारा, मांडीवर गिटार, अंगात मळका कोट. सुई टेकली. खरखर झाली, आणि एक माणूस गाऊ लागला. एकटाच. पाय जमिनीवर आपटून स्वतःच ताल धरत होता. एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा आणि मग तिसरी अशी टाकायचा की पहिल्या दोन एकदम जड व्हायच्या. शब्द मला फारसे कळले नाहीत, मी मराठी शाळेतली मास्तरीण. पण चाल कळली. तीच होती! सगळा धिंगाणा काढून टाकला की खाली उरतं ते हे. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“म्हणजे या म्हाताऱ्याने त्यांची चाल उचलली?” मी विचारलं.

“मला पन तसंच वाटलं. चोर बाजारातल्या रेकॉर्डवाल्या चाचाशी मी भांडलो त्याच्यावरून. तर तो हसायलाच लागला. म्हनाला, उलटं बोलतोस तू. हे गानं भरलं तवा तुझे ते हिरो लंगोटात पन नव्हते.” गणूने कव्हरवर बोट आपटलं. “आक्खं रॉकच ह्या लोकांचं हाय, ताई. कापसाच्या शेतात राबनारे काळे लोक. ह्यांचे आजे-पंजे बाजारात विकलेले, बैल विकतात तसे. तीच गानी त्या गोऱ्यांनी घेतली, वायर लावून मोठी केली आनि आपल्या नावावर खपवली. म्हाताऱ्याचं नाव कुठंच नाय! शप्पथ सांगतो, त्याच दिवशी सलूनात जाऊन बसलो.”

“ह्याचा घसा बसलाय काय रे?”

आम्ही दोघांनी दचकून पाहिलं. आबा कचेरीतून आले होते. महाडला एका कचेरीत ते शिपाई होते. नेहमीसारखे छत्री घेऊन नदीवर न जाता उंबऱ्यावर टेकले होते.

“नाय आबा. त्याचा आवाजच तसा.”

“असल्या फाटक्या आवाजाची रेकॉर्ड काढली?”

“काढली.”

“आनि लोकांनी पैसं देऊन घेतली?”

“आबा, मोठे मोठे गोरे ह्याच्यासारखं गाता यावं म्हनून मरतात.”

आबांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना तसं पाहून मला कसंसंच झालं, कारण मला माहीत होतं ते काय ऐकत होते. पोलादपूरपासून शिवथरपर्यंत आबांची, म्हणजे भिकाजीबुवांची, गायन पार्टी ठाऊक नाही असं घर नव्हतं. चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या बापाचा मुलगा. उभा राहिला की बाबासाहेबांचं गाणं नदीपलीकडे ऐकू जायचं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी जयंतीला वरच्या पट्टीत आवाज चिरफाळला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आबा स्टेजवरून खाली उतरले. तेव्हापासून त्यांची बाजाची पेटी कपड्यात गुंडाळून माळ्यावर होती. सगळे हळहळले. मी नाही हळहळले.

सांगूनच टाकते. आई गेली ती जयंतीच्याच दिवशी. कावीळ. आबा पोलादपूरला गायला गेलेले. आमच्या वाडीतला चांगू माइकवाला ट्रक पकडून निरोप घेऊन धावला. स्टेजजवळ जाऊन त्याने खुणेने सांगितलं, सोनाबाई गेली. आबांनी हात वर करून त्याला थांब म्हटलं आणि पुढचं कडवं घेतलं. गाणं पुरं केलं, मग उतरले. चांगूनेच हे मला सांगितलं. त्यानंतर आबांचं जेवण मी वेळेवर वाढत आले, कपडे धुतले. पण ‘वाढलंय’ आणि ‘येते’ याच्या पलीकडे बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. ते रडलेही नव्हते. पुरुषाचं काळीज दगडाचं असतं असं म्हणून मी गप्प बसले होते.

“काय म्हनतात रे ह्या गान्यांना?” आबांनी विचारलं.

“ब्लूज.”

“म्हंजे?”

“ब्लू म्हंजे निळा. निळी गानी, समजा.”

आबा ताडकन उठले. “निळी?”

“हो.”

“गुलामांची पोरं, आनि गानी निळी?” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “अरे, मंग आपलीच की ती!”

गणूने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तोवर आबा बाहेर पडलेसुद्धा. दिवे लागायच्या आत साऱ्या वाडीला कळलं की समुद्रापलीकडे आपले लोक आहेत, त्यांचाही झेंडा निळा आहे आणि ते निळी गाणी म्हणतात. तुळसा आत्या विचारायला आली, “त्यांची पन जयंती असते काय गो?” चांगूने जाहीर केलं की येत्या जयंतीला पहिली हीच रेकॉर्ड कर्ण्यावर लावणार. आबा तर दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जाताना ताठ चालत होते.

“तुला सांगितला तो निळ्याचा खरा अर्थ आबांना सांगू नको गो ताई,” गणू मागे लागला. “केवढा खूश झालाय म्हातारा.”

पण माझी जातच मास्तरणीची. चूक दिसली की मला राहवत नाही. आणि खरं सांगायचं तर आबांचं ते खूश होणंही मला बघवत नव्हतं. संध्याकाळी भाकरी वाढता वाढता मी म्हटलं, “आबा, त्यांचा निळा आपला निळा नाही. त्यांच्यात मन उदास झालं की निळं झालं असं म्हणतात. ती झेंड्याची गाणी नाहीत. दुःखाची आहेत.”

“दुःखाची? कसल्या?”

गणूने नाइलाजाने सांगितलं. “बायको गेली. काम गेलं. घर बुडालं. एकटा पडलो. असल्या.”

आबांच्या हातातला घास तसाच राहिला. “काय तरी सांगतोस. निळा म्हंजे आभाळ. निळा उदास कसा असंल?” आणि मग एकदम हळू आवाजात, “म्हंजे हा मानूस आपली घरची गोष्ट स्टेजवर सांगतो?”

“हो.”

“आनि लोक ऐकून घेतात? असं नाय म्हनत, की बाबा, समाजाचं काम सोडून हे काय रडगानं लावलंस?”

“ऐकून घेतात आबा. रडतात पन.”

आबा पानावरून उठले. अर्धी भाकरी तशीच. मला वाटलं, चांगलंच लागलं. मग माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि वरची सगळी धूळ माझ्या कालवणात पडली. पेटी खाली आली होती.

जयंतीला विहारासमोर शाळेची बाकं जोडून स्टेज केलं होतं. गायला पोलादपूरची नवी पार्टी होती, सिनेमाच्या चाली, झगझगीत शर्ट. ऊन उतरल्यावर ते चहाला खाली उतरले, तेवढ्यात आबा पेटी घेऊन वर चढले. मागच्या पोरांत हसू फुटलं. “बुवा, दम हाय काय अजून?” कोणीतरी ओरडलं. मी बायकांत बसले होते. राग असला तरी बाप होता. पुन्हा शिट्ट्या ऐकायच्या आणि पुन्हा त्यांना खाली उतरताना बघायचं, हे मला नको होतं.

आबांनी पेटीवर एकच सूर धरला, पायाने बाकावर ताल दिला आणि तोंड उघडलं. आवाज फाटला होता. त्यांनी तो झाकला नाही.

“स्टेजवर मी गात होतो, तू घरात निजली गो,
स्टेजवर मी गात होतो, तू घरात निजली गो,
लोकांनी टाळ्या पिटल्या, माझी चूल इझली गो.”

एक शिट्टी निघाली, अर्ध्यात विरली. मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि मी तोंडावर पदर दाबला. हे त्यांनी आता नव्हतं रचलं. दोनदा म्हणायची तऱ्हा त्या म्हाताऱ्याची असेल, पण शब्द जुने होते. इतके गुळगुळीत शब्द रोज तोंडात घोळवल्याशिवाय होत नाहीत. एवढी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून मुकाट जेवत होता आणि आत हे म्हणत होता!

“हात दाखवून म्हटलं थांब, मरन थांबलं नाय गो,
हात दाखवून म्हटलं थांब, मरन थांबलं नाय गो,
उतरलो तवा पायाखाली जमीनच नाय गो.”

मला राग आला. खरंच सांगते, रडूही आलं आणि संतापही आला. मला सांगायचं होतं ना! मी काय परकी होते? माझी आई होती ती. शेजारी बसलेल्या बाईचा हात मी इतका घट्ट धरला की ती बिचारी कळवळली, पण तिने तो सोडवून घेतला नाही.

गाणं संपलं. टाळी वाजली नाही. वाजवावी की नाही, तेच कोणाला कळेना. गणू खांबाला टेकून उभा होता, त्या मुंडक्यावरून हात फिरवत. तेवढ्यात तुळसा आत्याने पदराची गाठ सोडली, नोट काढली आणि चांगूच्या हातात दिली. आमच्याकडे गाणं आवडलं की असं बक्षीस देतात आणि माइकवाला देणाऱ्याचं नाव पुकारतो. चांगू सवयीने माइकपाशी गेला. “तुळसाबाईंकडून भिकाजीबुवांना...”

आबांनी माइकवर हात ठेवला. रागाने नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

“ह्याच्यावर पैसं नको रे चांगू, हे घरचं हाय,” ते म्हणाले. “दुसरं म्हनतो, त्याच्यावर घे.”

आणि त्यांनी नेहमीचं, बाबासाहेबांचं गाणं धरलं. वरच्या पट्टीत आवाज चिरला, ते तसेच पुढे गेले. लोक हळूहळू टाळ्या धरायला लागले. ते गाणंही संपलं. चांगू नोट हातात धरून आबांकडे बघत उभा होता, त्या दिवशी पोलादपूरच्या स्टेजजवळ थांबला असेल तसा. नाव पुकारायचं त्याला सुचलंच नाही.